देवावर प्रीती, शेजाऱ्यावर प्रीती: प्रार्थना सभेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भायखळ्याच्या एका जुन्या चाळीत मी राहते आणि जवळच्याच मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली बावीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवते. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा असते. वचन झालं, चहा आला की प्रश्न सुरू होतात आणि कुठूनही निघाले तरी फिरून त्याच दोन आज्ञांपाशी येतात. तेच तेच प्रश्न दर वर्षी नव्या तोंडून ऐकल्यावर वाटलं, एकदा लिहून ठेवावेत. मी पाळक नाही. लिहिलेलं पाळकसाहेबांना वाचून दाखवलं आहे. दोन ठिकाणी त्यांचं नि माझं जमलं नाही, तिथे तसं सांगितलं आहे.

सर्वांत मोठी आज्ञा येशूने नवीन दिली का?

नाही. दोन्ही आज्ञा जुन्या करारातल्या आहेत. देवावर पूर्ण मनाने, जिवाने आणि शक्तीने प्रीती करायची आज्ञा 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची 'लेवीय' या पुस्तकाच्या एकोणिसाव्यात, अठराव्या वचनात. यहुदी परंपरेत नियमशास्त्रातल्या आज्ञा ६१३ मोजतात. त्यांतली मोठी कोणती, असं येशूला विचारलं तेव्हा विचारणाऱ्याने एक मागितली होती, येशूने दोन दिल्या आणि दुसरी पहिलीसारखीच आहे असं सांगितलं. मत्तय २२ आणि मार्क १२ मध्ये हा प्रसंग आहे.

लूकच्या दहाव्या अध्यायात गंमत आहे. तिथे हे उत्तर येशू देतच नाही, प्रश्न विचारायला आलेला, नियमशास्त्र शिकवणारा शास्त्रीच घडाघडा म्हणून दाखवतो. येशू म्हणतो, बरोबर बोललास, आता तसं कर. आमच्या संडे स्कूलच्या पोरांसारखंच झालं की हे, वचन तोंडपाठ आणि मागच्या बाकावर मारामारी.

'शक्तीने' प्रीती करायची म्हणजे काय?

जुन्या यहुदी गुरूंनी इथे 'शक्ती'चा अर्थ पैसाअडका असाही लावला आहे. मला तो पटतो. मन आणि जीव देवाला दिला असं म्हणणं सोपं असतं, कारण ते कुणाला मोजता येत नाही. पासबुक मोजता येतं.

प्रीती ही भावना आहे. ती हुकमाने कशी येणार?

हा प्रश्न तरुण मुलं फार विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. आवडत नाही त्या माणसाबद्दल पोटात माया उत्पन्न करा, असं कुणी सांगितलं तर ते जमणार नाही. म्हणून मी त्यांना लेवीय १९ अख्खा वाचायला लावते, नुसतं अठरावं वचन नाही. त्या अध्यायात काय काय आहे पाहा. शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. चुगल्या करत फिरू नका. तराजू नि वजनं खरी ठेवा. 'शेजाऱ्यावर प्रीती' हे शब्द या यादीच्या मधोमध येतात. तिथे मायेचा उमाळा कुठे दिसत नाही, दिसतो तो व्यवहार.

मजुरीचं वचन मला चांगलंच लागलेलं आहे. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला असतो. एकदा एक तारीख रविवारी आली. म्हटलं, उद्या बँकेतून काढून देते. सोमवारी विसरले. मंगळवारी आठवलं तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. बुधवारी भांडी घासता घासता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "ताई, भिशीचा हप्ता चुकला. दंड पडला पन्नास रुपये." त्याच संध्याकाळी प्रार्थना सभेत वाचन माझ्याकडे होतं. दंडाचे पन्नास रुपये मी वर घालून दिले, त्यांनी ते घेतलेही. पण मला त्यांच्याबद्दल माया कमी होती म्हणून पगार राहिला, असं नव्हतं. माया भरपूर होती. नातीच्या बारशाला मी साडी दिली होती. एक तारीख मात्र पाळली नव्हती.

तेव्हा हुकूम भावनेला नाही, हाताला आहे. हात चालायला लागले की पुष्कळदा मन मागून येतं. कधी येतही नाही, तरी पगार एक तारखेलाच द्यायचा.

मराठी बायबलमध्ये 'प्रेम' न म्हणता 'प्रीती' का म्हणतात?

जुन्या भाषांतराची ती सवय आहे, आणि आमच्या कानांना आता तीच गोड लागते. नव्या करारातल्या ग्रीकमध्ये या ठिकाणी 'अगापे'च्या घरातलं क्रियापद आहे, दुसऱ्याचं भलं चिंतून तसं वागणं या अर्थाचं. सिनेमातलं प्रेम आणि हे वेगळं आहे एवढं 'प्रीती' या शब्दाने आपोआप कळतं. याहून जास्त काथ्याकूट करण्यात अर्थ नाही.

शेजारी म्हणजे नेमका कोण? अख्ख्या मुंबईला शेजारी मानायचं का?

शास्त्र्याने हेच विचारलं होतं. यादी कुठे संपते ते त्याला हवं होतं. येशूने त्याला यादी दिली नाही, गोष्ट सांगितली. एक माणूस यरुशलेमहून यरीहोला चालला होता. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर, आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे अडीचशे मीटर खाली. पंचवीस-सत्तावीस किलोमीटरांत हजार मीटरचा उतार, उजाड डोंगर, वळणावळणाला दरोडेखोरांना दबा धरायला जागा. आपला बोरघाटही एवढा उतरत नाही. याजक बघून पलीकडून गेला, मंदिरात सेवा करणारा लेवी बघून पलीकडून गेला, आणि थांबला तो शोमरोनी. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि दोन दिनार काढून दिले. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा ही रक्कम खिशाला जाणवणारी होती. वर परत येण्याचा वायदाही केला.

मग येशूने प्रश्नच उलटा फिरवला: या तिघांपैकी शेजारी *झाला* कोण? शास्त्री 'शोमरोनी' हा शब्द उच्चारत नाही. 'ज्याने दया केली तो' एवढंच म्हणतो. यहुद्यांचं शोमरोन्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं होतं, ते नाव त्याच्या जिभेवर येईना.

एका बुधवारी मी विचारलं, आज ही गोष्ट इथे, आपल्या वस्तीत घडली असती तर शोमरोन्याच्या जागी येशूने कुणाला घातलं असतं? खोलीत शांतता पसरली. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका बशीत चहा ओतत म्हणाले, "ते बोलायला लावू नका, बाई." त्यांचं उत्तर मला पुरलं. प्रत्येकाच्या मनात एक आडनाव, एक भाषा, एक मोहल्ला ठरलेला असतो.

मुंबईत घर भाड्याने शोधताना एजंट आधी आडनाव विचारतो आणि मग 'मालक म्हणाले नॉनव्हेज चालणार नाही' म्हणून फोन ठेवतो. आपल्यातल्या कितीतरी जणांनी हा अपमान गिळलेला आहे. पण ज्यांचा विरार-कल्याणकडे एखादा फ्लॅट आहे त्यांनी आपण स्वतः एजंटला काय सांगून ठेवलं आहे तेही आठवावं. शास्त्र्याला न उच्चारता आलेला शब्द बहुधा तिथेच सापडेल.

माझा शेजारी म्हणजे खरोखर भिंतीपलीकडचा शेजारी फार त्रास देतो. त्याच्यावरही?

त्याच्यावरच. लांबच्यावर प्रीती करणं सोपं, तो आपल्या दोरीवरचे कपडे खाली पाडत नाही.

आमच्या गॅलरीत एका शेजाऱ्यांचं चपलांचं कपाट आहे. गॅलरी सगळ्यांची, कपाट त्यांचं. पहाटे साडेपाचला पाणी येतं तेव्हा हंडा घेऊन जाताना माझा गुडघा त्या कपाटाच्या कोपऱ्याला लागतो. अकरा वर्षं लागतो आहे. बोलून पाहिलं, चाळ कमिटीत अर्ज देऊन पाहिला, तोंडं फुगवून पाहिली. अखेर एका उपवासाच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी सांगितलं, ज्याचा राग येतो त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करा, कपाटाचं नाव न घेता. पहिले तीन दिवस मी मनातून कपाटासाठीच प्रार्थना केली. चौथ्या दिवशी मात्र दुसरंच आठवलं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. माझे मिस्टर अंधेरीहून पाण्यातून चालत निघाले होते, फोन लागत नव्हता. रात्री दोन वाजता हेच शेजारी टॉर्च घेऊन नाक्यापर्यंत जाऊन उभे राहिले, माझ्यासाठी. कुणाही अनोळखी माणसाला धरून विचारत होते. त्या रात्री अख्खी मुंबई एकमेकांची शेजारी झाली होती. कुणी कुणाला आडनाव विचारलं नाही, भिजलेल्यांना लोकांनी घरात घेतलं. आमच्या भाषेत याला 'शेजारधर्म' असा शब्दच आहे. शेजार आणि धर्म एका शब्दात बसवणारी भाषा बोलत असूनही या दोन आज्ञा आपल्याला वेगवेगळ्या वाटाव्यात, याचं मला नवल वाटतं.

कपाट अजून तिथेच आहे. पुराच्या रात्रीची प्रीती साडेपाचच्या नळावर टिकवणं अवघड जातं, दोघांनाही.

'स्वतःसारखी' म्हणजे आधी स्वतःवर प्रेम करायला शिकायचं का?

मोबाइलवर येणाऱ्या सुविचारांत असंच असतं. वचनाचा रोख मला तसा दिसत नाही. आपण स्वतःची काळजी घेतोच, भूक लागली की जेवतो, हे वचन गृहीत धरतं आणि तेच माप शेजाऱ्याला लाव म्हणतं.

पण एका जागी मी थांबते. आमच्यातल्या काही बायकांना 'प्रीती कर' म्हणजे 'सोस' असंच शिकवलं गेलं आहे. सासू अंथरुणाला, नवरा दारू पिऊन मारतो, आणि मंडळीतली वडीलधारी सांगतात, बाई, प्रार्थना कर आणि क्षमा कर. हे वचनाचा गैरवापर करणं आहे. मार खात राहणं ही कुणावरचीच प्रीती नव्हे, मारणाऱ्यावरचीसुद्धा नाही, कारण त्याला पापात मुरू देणं हे त्याचं भलं नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठी मदतीचा नंबर आहे. तो फिरवून मग प्रार्थना करावी. दोन्ही एकाच दिवशी करता येतं.

थकलेल्यांसाठी एवढंच: येशू भल्या पहाटे उठून एकांतात जाई (मार्क १), आणि वादळात नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं टेकून झोपलाही होता (मार्क ४).

शत्रूवर प्रीती आणि क्षमा म्हणजे पोलिसांत तक्रार करायची नाही का?

करायची. क्षमा आणि कायदा यांची फारकत नाही. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या गावांत, भूमिहीनांना संघटित करत होत्या. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांना भर बसमध्ये भोसकून मारलं. मारणाऱ्या समुंदर सिंहला शिक्षा झाली आणि त्याने ती भोगली. राणी मारियांची धाकटी बहीणही सिस्टर. २००२ मध्ये तिने तुरुंगात जाऊन त्याच्या हाताला राखी बांधली. सुटल्यावर तो त्यांच्या घरी गेला, आईने त्याला मुलासारखं मानलं. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

राखी बांधायला सात वर्षं लागली, हे मी मुद्दाम सांगते. लोक दुसऱ्याच दिवशी क्षमेची अपेक्षा करतात, आणि तीही दुसऱ्याकडून.

देव दिसत नाही. त्याच्यावर प्रीती करायची तरी कशी? त्यात वेळ कुठे आहे?

अनुवाद ६ मध्येच सांगितलं आहे: घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना या वचनांविषयी बोला. लोकलने चालताना असं त्यात नाही, पण ओढूनताणून बसवता येतं. आमच्यातली एक मुलगी टिटवाळ्याहून रोज सीएसएमटीला येते. तिसऱ्या सीटवर चौथी बसलेली, डोक्यावर कुणाची तरी डबापिशवी, अशा अवस्थेत ती एकेका स्टेशनाला एकेका माणसासाठी प्रार्थना करते. कल्याण आईसाठी, ठाणे ऑफिसातल्या बॉससाठी. "बॉससाठी ठाणे का?" मी विचारलं. म्हणाली, "तिथे गाडी जास्त वेळ थांबते."

मराठी माणसाला देवावर प्रीती करायला भाषा शोधावी लागत नाही, हे आपलं भाग्य आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला. संतांच्या अभंगांवर पोसलेलं मन त्यांनी बाहेर ठेवून दिलं नाही, तेच घेऊन ते ख्रिस्ताकडे आले आणि ख्रिस्तासाठी अभंग लिहिले. आपण रविवारी पेटी-तबल्यावर जे म्हणतो त्यात त्यांचं पुष्कळ आहे. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर एखादं गीत गुणगुणावं, तीही प्रार्थनाच.

समाजसेवा केली की झालं ना? चर्चला जायची गरज काय? किंवा उलट?

दोन्ही बाजूंचे लोक माझ्याशी भांडतात. एनजीओत काम करणारा माझा भाचा म्हणतो, मावशी, तुम्ही गाणी म्हणता तोवर आम्ही शंभर मुलांना जेवू घालतो. आणि मंडळीतले काही जण चारही रविवार पहिल्या बाकावर, पण सख्ख्या भावाशी पागडीच्या खोलीवरून कोर्टात.

या दुसऱ्यांसाठी योहानाचं पहिलं पत्र (४:२०) सडेतोड आहे: दिसणाऱ्या भावावर प्रीती न करणारा न दिसणाऱ्या देवावर प्रीती करू शकत नाही, तसं म्हणणारा लबाड. याकोबही तसाच. उघड्या-उपाशी माणसाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' असं नुसतं म्हणून काय उपयोग, असं तो विचारतो.

भाच्यासाठी मात्र मी लूकचाच दहावा अध्याय पुढे वाचते. शोमरोन्याची गोष्ट संपते आणि लगेच, दुसरी कुठलीही गोष्ट मध्ये न येता, मार्था आणि मरीयेचं घर येतं. आधी 'जा आणि तसंच कर', आणि पुढच्याच ओळींत येशूच्या पायांशी बसून ऐकणाऱ्या मरीयेने चांगला वाटा निवडला असं. स्वयंपाकघरात राबणाऱ्या मार्थेची चिडचिड मला अगदी ओळखीची आहे. सेवा करणारा माणूस बसायचं विसरला की आधी चिडचिडा होतो, मग ज्यांची सेवा करतो त्यांच्यावरच उपकार मोजायला लागतो. भाच्याने यावर काही उत्तर दिलं नाही. गेल्या वर्षी त्याने ती नोकरी सोडली, थकलो म्हणाला. कारण हेच होतं असं मी म्हणत नाही.

रस्त्यात अपघात झालेला दिसला. मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल का?

ही भीती आता कायद्याने बरीच काढून टाकली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं, आणि कायद्यातला शब्दच 'गुड समॅरिटन' आहे, म्हणजे आपला चांगला शोमरोनी. सद्‌भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याबाबतच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या होत्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वेत १३९. मानेला दुखापत वाटत असेल तर उगाच उचलाउचली करू नये, गर्दी मागे सारावी आणि फोन लावावा. मोबाइलवर व्हिडिओ काढणारा हा आजच्या काळातला पलीकडून जाणारा लेवी आहे, फक्त तो पलीकडून न जाता मध्येच उभा राहतो.

सिग्नलवरच्या माणसाला पैसे द्यावेत का?

पाळकसाहेब म्हणतात, जेवण द्या, पैसे नकोत, आणि मुलांच्या हातात तर नाहीच. मुलांबद्दल मला मान्य. मोठ्यांच्या बाबतीत मी कधी कधी देते. त्या दहा रुपयांचं तो काय करणार याची चौकशी देवाने माझ्याकडे सोपवलेली नाही.

गणपतीचा प्रसाद घ्यावा का?

दर भाद्रपदात हा प्रश्न येतो आणि दर भाद्रपदात सभा लांबते. नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलासमोर करिंथच्या मंडळीबाबत जवळजवळ हाच प्रश्न होता. पहिल्या करिंथकरांसच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत तो म्हणतो, मूर्ती काहीच नाही, पण तुझ्या खाण्याने दुर्बळ भावाचा विवेक अडखळत असेल तर खाऊ नकोस. पुढे म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं तर चौकशी न करता जे वाढलं ते खा, पण हे अर्पण केलेलं आहे असं सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नकोस.

पाळकसाहेब या शेवटच्या वचनावर बोट ठेवतात: घेऊ नये, नम्रपणे सांगावं. मंडळीतले पुष्कळ जण तसंच करतात आणि त्यांचा मी मान ठेवते. माझं असं आहे की शेजारच्या काकू उकडीचा मोदक केळीच्या पानावर घालून स्वतः दारात घेऊन येतात, तो आरतीच्या आधी बाजूला काढलेला असतो, माझ्यासाठी. तीस वर्षांपूर्वी कधीतरी त्यांनी स्वतःच ही वाट काढली, मला न विचारता. माझा विवेक अडखळू नये म्हणून तिने नैवेद्याच्या ताटाआधी एक मोदक वेगळा ठेवावा! पौलाने ज्या प्रीतीविषयी लिहिलं ती माझ्या दारात अशी चालत आली आहे. नाताळात करंज्यांचं पहिलं ताट त्यांच्याकडे जातं.

ज्यांच्याकडे अशी काकू नाही त्यांनी आपल्या विवेकाला आणि पाळकांना विचारावं. मात्र नको म्हणतानाही तोंड वाकडं करून, जणू विष दिलंय अशा चेहऱ्याने म्हणू नये.

मदत करताना सुवार्ता सांगावी का?

कुणी विचारलं तर आपल्या आशेविषयी जरूर सांगावं. पण मदतीला अट लावली की ती मदत राहत नाही, सौदा होतो. शोमरोन्याने जखमीला शुद्धीवर येऊ दिलं, तो शुद्धीवर आल्यावर काय म्हणाला हे येशूने सांगितलेलंही नाही.

मुंबईत ही प्रीती कुठे दिसते?

वांद्र्याच्या रानवार, चिंबईसारख्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी जुने क्रूस उभे आहेत. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला आणि शहरभर पसरला, तेव्हा घाबरलेल्या लोकांनी त्यांतले पुष्कळ क्रूस उभारले. माणसं दवाखान्यालाही भीत होती, गल्लीतल्या गल्लीत प्रार्थनेला जमत होती. त्या क्रुसांपाशी आजही मे महिन्यात रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली जाते, झेंडूच्या माळा घालतात, आणि माळ घालणारा दर वेळी ख्रिस्तीच असतो असं नाही. माउंट मेरीला तर कोळी बांधव 'मोत माउली'च म्हणतात.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन सुरू केलं ते मुंबईत. पुढे ते पुण्याला गेलं आणि त्यांचं काम केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. मला त्यांच्यात विशेष वाटतं ते हे की देवावरची प्रीती आणि मुलींच्या जेवणाखाणाचा हिशोब त्या एकाच वहीत लिहीत असाव्यात असं त्यांचं आयुष्य दिसतं.

ख्रिस्ती मंडळीत जात असते का?

नसावी. असते. लग्नाच्या वेळी बाहेर येते. 'मुलगा ख्रिस्ती हवा' म्हणणारी माणसं दुसऱ्या वाक्यात आजोबांचं गाव आणि मूळ आडनाव विचारतात, ते कशासाठी हे सगळ्यांना कळतं. गलतीकरांस ३:२८, 'तुम्ही सर्व ख्रिस्तात एकच आहात', हे वचन भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या घरातसुद्धा. याला मी वेगळं उत्तर लिहिणार नाही, शोमरोन्याचं वर दिलं आहे ते पुन्हा वाचा.

मंडळीतल्या एकीशी माझं बोलणं बंद आहे. मी प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेऊ का?

मत्तय ५:२३-२४. वेदीपाशी अर्पण आणल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लक्षात घ्या, 'तुझ्या मनात' असं नाही, 'त्याच्या मनात' असं आहे. राग तिचा असला तरी उठायचं तुम्ही.

आमच्याकडे हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. एका मावशींनी लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली होती. बोली लागायच्या आधी दुसऱ्या एक जणी मागून म्हणाल्या, "लिंबं मुरलेली दिसत नाहीत." लोक हसले. बरणी चाळीस रुपयांत गेली. त्यानंतर चार वर्षं दोघी एकाच बाकावर दोन टोकांना बसत होत्या.

मागच्या वर्षी एका रविवारी प्रभुभोजनाआधीचं गीत चालू असताना लोणच्यावाल्या मावशी उठल्या, दुसरीच्या खांद्याला हात लावला आणि बाहेर गेल्या. ती पण मागोमाग गेली. पाळकसाहेबांनी काय ओळखायचं ते ओळखलं आणि गीत पुन्हा पहिल्यापासून धरलं. आम्ही ते तीनदा म्हटलं. पेटीवाल्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. दोघी आत आल्या तेव्हा एकीचा पदर ओला होता, बाहेर पाऊस नव्हता.

बाहेर काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही. आता दोघी एकमेकींना सलाम म्हणतात आणि बाकावर मध्ये एकाच माणसाची जागा सोडतात. लोणचं अजून कुणी आणलेलं नाही.